काळ्या वाळूचा हिशेब

चांदवडला टांकसाळ होती, चांदीची खाण मात्र कधीच नव्हती. होळकरांच्या अमदानीत इथे पाडलेला चांदवडी रुपया लांबलांबच्या बाजारांत चालला, पण त्याची चांदी बाहेरून आली. इथे ती मिळणार कुठून? चांदवडचा किल्ला घ्या, इंद्राई घ्या, राजदेहेर घ्या, सातमाळ्याची सगळी रांग काळ्या पाषाणाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला हा लाव्हा. त्याची खडी होते, पायऱ्या होतात, देवळे होतात. सोने, चांदी, तांबे शोधणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही.

तरी हा दगड धातूविना नाही. त्यात लोखंड आहे आणि टायटॅनियमही आहे, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक कणांत विखुरलेले. दगड झिजला की कण सुटतात आणि ओढ्याला लागतात. पाऊस उघडल्यावर आमच्याकडच्या कुठल्याही ओढ्याच्या वळणावर वाळूत एक काळी रेघ दिसते. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक तिच्यावरून फिरवले की काळे कण त्याला चिकटून वर येतात. तिथून पुढचा प्रवास मोठा आहे. सातमाळा ही पाणी वाटून देणारी रांग. राहुड घाटाच्या अलीकडचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. घाट उतरल्यावरचे गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. सुरतेजवळचा डुमसचा किनारा काळ्या वाळूसाठी ओळखला जातो. तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे थोडासा आमच्याही डोंगरांचा, तो चुरा आहे.

समुद्र दीडशे-दोनशे किलोमीटरवर असलेल्या या गावात किनाऱ्यावरच्या खनिजांवरून वाद व्हावा, याचे कारण आमचे घर. माझे काका राज्याच्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयात होते आणि त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळूचे नमुने घेण्यात गेली. माझ्या वहिनीचे माहेर त्याच किनाऱ्यावरचे, काळबादेवीच्या बाजूचे. तिच्या माहेरी रापणीचे जाळे ओढणारी माणसे. ती इथल्या एका शाळेत भूगोल शिकवते. धातूंच्या टंचाईची बातमी पेपरात आली की या दोघांची जुंपते. मी बहुतेक वेळा ऐकत असतो, पण अलीकडे मला त्यात बाजू घ्यावीशी वाटू लागली आहे.

काका : सूनबाई, एक गोष्ट आधी मान्य कर. तुझ्या माहेरच्या वाळूत जे आहे ते देशाला हवं आहे. इल्मेनाइट. लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. केंद्र सरकारनं २०२३ साली अत्यावश्यक अशा तीस खनिजांची यादी काढली, त्यात टायटॅनियम आहे. विमानाचे भाग, माणसाच्या खुब्यात बसवायचा सांधा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पांढरा रंग. भिंतीचा, कागदाचा, टूथपेस्टचा. काळ्या वाळूतून जगातला सगळ्यात पांढरा रंग निघतो. आपण तो बराचसा परदेशातून विकत घेतो.

वहिनी : हवं आहे हे मी कुठे नाकारते? पण तुम्ही लोक ती वाळू पहिल्यांदा बघता तेव्हा तिचं नाव ‘साठा’ होतं. आमच्याकडे ती पुळण आहे. तिच्यावर होडी ओढतात, मासळी सुकवतात. काका, तुम्ही तिथे राहिलात. तुम्हाला ती दोन्ही दिसली असणार.

काका : दिसली ना. आणि साठा सापडला तोही तुमच्याच माणसांमुळे. आम्हाला वाटायचं आपण शास्त्र घेऊन आलोय. पण गावातली म्हातारी माणसं विचारायची, ‘काळी कधी बघायची? आत्ता कशाला आलात? श्रावणात या.’

इथे काका खुलतात आणि मलाही थांबावेसे वाटते, कारण धातू शोधण्याची ही रीत फार देखणी आहे. डोंगरात धातू शोधायला दगड फोडावा लागतो. किनाऱ्यावर समुद्राने निवडानिवड आधीच करून ठेवलेली असते. वाळूतला गारेचा कण पाण्याच्या दोन पूर्णांक पासष्ट शतांश पट जड, इल्मेनाइट साधारण पावणेपाच पट, मॅग्नेटाइट पाचपटीहून जास्त. पावसाळ्यातली उंच लाट किनाऱ्यावर चढते आणि परतताना हलके कण घेऊन जाते; जड कण मागे राहतात. सुपात धान्य पाखडावे तसे हे हजारो वर्षे चालले आहे. म्हणून भर पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच काळे पट्टे उघडे पडतात, आणि हिवाळ्यात शांत लाटांनी परत आणलेली फिकट वाळू त्यांना झाकते. रत्नागिरी शहराच्या एका अंगाला मांडवीचा ‘काळा समुद्र’ आणि दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा ‘पांढरा समुद्र’ आहे. पाणी दोन्हीकडे सारखेच. लोकांनी नावे वाळूवरून दिली आणि नकळत खनिजांचा पहिला नकाशा केला.

काका : पुळणीवर आडव्या रेघा आखायच्या. ठरावीक अंतरावर हाताने फिरवायचा ऑगर खाली घालायचा, पाणी लागेपर्यंत. दर थराचा नमुना वेगळ्या पिशवीत. प्रयोगशाळेत तो धुवायचा, सुकवायचा आणि ब्रोमोफॉर्ममध्ये टाकायचा. तो द्रव पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. गार तरंगते, जड खनिज तळाला बसतं. मग चुंबक. साध्या चुंबकाला मॅग्नेटाइट येतं, इल्मेनाइटला जोरदार चुंबक लागतं. उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक कण मोजून. काळबादेवी, मिऱ्या, नेवरे, मालगुंड, पूर्णगड, गावखडी... मला ती नावं गावांच्या आधी नमुन्याच्या पिशव्यांवर आठवतात.

वहिनी : आणि आम्हाला त्या नावांबरोबर माणसं आठवतात. मालगुंडला, गावखडीला कासवं अंडी घालायला येतात. त्यांच्यासाठी घरटी राखणारी पोरं गावातलीच आहेत.

काका : ते मी विसरत नाही. पण शोधायलाच विरोध करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. शोधणं म्हणजे खणणं नव्हे. दक्षिणेतला मोनाझाइट कसा सापडला माहीत आहे? १९०९ साली शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू दिसली. ती त्यानं तपासली आणि त्यातलं थोरियम ओळखलं. तेव्हा गॅसबत्तीच्या जाळीला थोरियम लागायचं. दोन-तीन वर्षांत मनवालकुरीचीला कारखाना उभा. काथ्या विणणाऱ्या बायकांना त्यांच्या हाताला काय लागलंय याचा पत्ता नव्हता, परक्या माणसाला तो लागला. माझं म्हणणं एवढंच की आपल्या वाळूत काय आहे ते आपल्याला आधी कळावं.

वहिनी : कळावं. पण कळल्यावर पुढे दोन-तीन वर्षांत कारखाना उभा राहिला असंही तुम्हीच म्हणालात. शोधणं आणि खणणं यांच्यात तुम्ही जी भिंत सांगता ती मला तिथे दिसत नाही.

हे उत्तर बिनतोड आहे असे मला वाटते. ‘नुसता शोध’ असे म्हणणाऱ्याला ते कधीतरी ऐकवावे लागते. तरीही मी या मुद्द्यावर काकांच्या बाजूचा आहे. न शोधल्याने खाण टळत नाही. उलट, माहिती एकाच बाजूकडे राहते, आणि वाटाघाटीला बसताना गावाच्या हातात भीतीखेरीज काही नसते.

भीतीचे उदाहरण त्यांच्या पुढच्या बोलण्यातच आले.

वहिनी : माहेरी लोक म्हणतात, ही अणुखनिजं आहेत, वाळू उकरली की किरणोत्सर्ग होईल, कॅन्सर होईल.

काका : हे रत्नागिरीला लागू नाही, आणि हे मी खाणीच्या बाजूचा आहे म्हणून सांगत नाही. किरणोत्सर्ग येतो मोनाझाइटमधल्या थोरियमपासून. मोनाझाइट येतो ग्रॅनाइटच्या जातीच्या, फार जुन्या रूपांतरित खडकांतून. केरळ, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा यांच्या किनाऱ्यांमागे तसे डोंगर आहेत, म्हणून त्यांचे साठे लाखो टनांचे. केरळात चवऱ्याच्या आसपास जमिनीतूनच नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे. आपल्या कोकणामागे काय आहे? सह्याद्री. तोच बेसॉल्ट जो तुझ्या या अंगणाखाली आहे. बेसॉल्टमध्ये मोनाझाइट नसल्यात जमा. अख्ख्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा मोनाझाइट अणुखनिज निदेशालयाच्या हिशेबात काही हजार टनांवर थांबतो. रत्नागिरीची वाळू म्हणजे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट.

वहिनी : मग ती अणुखनिजांच्या यादीत कशी?

काका : कायद्यात किनाऱ्याच्या वाळूतली जड खनिजं एका गटात धरली आहेत. केरळची, ओडिशाची आणि आपली, सगळी एकत्र. म्हणून २०१९ पासून खासगी कंपनीला ती काढता येत नाहीत, फक्त सरकारी कंपन्यांना येतात. नियम तिथला आणि खडक इथला, अशी ती गाठ आहे.

वहिनी : म्हणजे आम्ही चुकीच्या गोष्टीला घाबरतोय.

काका : हो.

वहिनी : मग बरोबर गोष्ट कोणती?

काका थोडे थांबले. इथून पुढचे बोलणे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

काका : किनारा सरकणं.

वहिनी : तेच मी इतके दिवस सांगते आहे! तुम्ही म्हणता, वाळूतलं काळं तेवढं काढायचं आणि उरलेली वाळू परत टाकायची. शंभर किलोतले वीस किलो घेतले, ऐंशी परत दिले. कागदावर किती साधं. पण काळी वाळू जड आहे, हे तुम्हीच शिकवलंत. पावसाळ्यात लाट येते तेव्हा वरची हलकी वाळू जाते आणि खालचा काळा थर उघडा पडून तिथे टिकतो. तो जड आहे म्हणूनच टिकतो. त्याच्यामुळे लाट आणखी खाली कुरतडत नाही. तुम्ही नेमका तो काढणार आणि मोकळी भुसभुशीत वाळू परत देणार. ती पहिल्याच जूनमध्ये जाईल.

काका : मोठ्या, सरळ किनाऱ्यावर ती बाजूनं येणाऱ्या वाळूनं भरून निघते.

वहिनी : आमचा किनारा मोठा नाही आणि सरळही नाही. दोन सड्यांच्या मधे दोन-चार किलोमीटरची पुळण, दोन्ही टोकांना जांभ्याचे आणि काळ्या दगडाचे कडे. बाजूनं येणार कुठून? प्रत्येक पुळण एकटी आहे. तिच्यात जी वाळू आहे ती आहे.

काका : खाडीतून येते. काजळी, शास्त्री, मुचकुंदी, पावसाळ्यात या नद्या काय गढूळ वाहतात ते तू पाहिलं आहेस.

वहिनी : गढूळ म्हणजे माती, काका. वाळू किती? आणि खाड्यांमधून रेतीचे ड्रेजर काय काढतात ते तुम्ही पाहिलं आहे.

काका गप्प बसले नाहीत, ते कधीच बसत नाहीत, पण त्यांनी स्वतःहून वहिनीचा मुद्दा पुढे नेला. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो यासाठी. त्यांनी आमच्याच खोऱ्यांचे उदाहरण दिले. चांदवडच्या डोंगरातून सुटलेला कण आज समुद्रापर्यंत पोचतो का? गिरणेकडे गेला तर गिरणा धरणात अडकतो, ते १९६०च्या दशकाअखेर झाले. तिथून पुढे सुटलाच तर तापीवर उकाई आहे, १९७२ पासून. गोदावरीकडे गेला तर जायकवाडी. धरणांनी आम्हाला पाणी दिले, कांदा दिला, द्राक्षे दिली. त्याबद्दल आमच्या भागातला कुणी कृतघ्न बोलणार नाही. पण ज्या वाटेने किनारे भरले जात, ती वाट त्या भिंतींशी बरीचशी संपते. सुरतेच्या किंवा गोदावरीच्या मुखाकडच्या किनाऱ्यावर आज जी वाळू आहे तिचा मोठा भाग धरणांच्या आधी आलेला आहे. कोकणातल्या नद्या आखूड, त्यांच्यावर एवढी मोठी धरणे नाहीत. पण त्यांची वाळू मुखाशीच उपसली जाते.

म्हणून ‘साठा इतके लाख टन’ हे वाक्य मला अपुरे वाटते. डोंगरातल्या खाणीत साठा म्हणजे साठाच असतो. तो आज मोजला तरी तेवढा आणि पन्नास वर्षांनी मोजला तरी तेवढा. किनाऱ्यावर मोजलेला आकडा हा एका दिवसाचा शिल्लक आकडा असतो. जमा किती होते आणि खर्च किती होतो याचा पत्ता नसताना शिल्लक काढून घेण्याला हिशेब म्हणता येत नाही. सर्वेक्षणाच्या अहवालांत खनिजाची टक्केवारी दशांशापर्यंत असते. त्या पुळणीत दरवर्षी किती वाळू येते आणि किती जाते, हा आकडाही तितक्याच काटेकोरपणे त्याच पानावर असला पाहिजे.

वहिनी : मिऱ्याला जाऊन या. समुद्र घरांपर्यंत आला म्हणून दगडांचा बंधारा घातला. तो ढासळतो, पुन्हा बांधतात, पुन्हा ढासळतो. तिथे अजून कुणी इल्मेनाइटही काढलेलं नाही.

काका : ते खरं आहे. खणण्याआधीच ज्या किनाऱ्याची शिल्लक उणे आहे तिथे मी खाणीची शिफारस करणार नाही. लिहून देतो. पण सगळे किनारे तसे नाहीत.

वहिनी : कुठला नाही ते दाखवा. आकड्यांनी दाखवा, मी ऐकेन.

काका : आणि डोंगर खणला तर चालतो का तुला? रेडीचं काय?

रेडीचा विषय निघाला की दोघांचाही आवाज खाली येतो. वेंगुर्ले तालुक्यातले रेडी हे समुद्रकाठचे खाणगाव. लोहखनिज डोंगरातून निघायचे आणि तिथल्याच बंदरातून जहाजाने जायचे. १९७६ साली त्या खाणीच्या परिसरात गणपतीची मोठी द्विभुज मूर्ती सापडली आणि आता लोक गावाला त्या गणपतीने ओळखतात. काकांच्या मते रेडीने पिढ्यांना रोजगार दिला. वहिनीच्या मते रेडीने खड्डे दिले, आणि दोडामार्ग तालुक्यात कळण्याला जुलै २०२१ मध्ये खाणीतले पाणी बांध फोडून शेतांत आणि घरांत शिरले तेव्हा खड्डा किती वर्षे धोकादायक राहतो ते सगळ्यांना दिसले. शेजारच्या गोव्यात २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ परवान्यांचे नूतनीकरण रद्द केले. तिथे ट्रकच्या हप्त्यात अडकलेली घरे आणि लाल गाळात गेलेली शेते दोन्ही खरी होती. या प्रश्नावर त्या दोघांत मला फार अंतर दिसत नाही, म्हणून मी तो इथेच सोडतो.

काका : मग समुद्राखालचं? रत्नागिरीच्या पुळणीवर जे आहे ते पाण्याखालीही पसरलं आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९७० च्या दशकात तिथे काम केलं. बोटीमागे यंत्र ओढून तळाखालचे थर ध्वनीनं पाहिले, चुंबकीय मोजणी केली, तळातून वाळूचे लांब दंडगोल काढले. मिऱ्याच्या, काळबादेवीच्या उपसागरांत इल्मेनाइट सापडलं. हिमयुगात, वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून जास्त मीटर खाली होता. तेव्हाच्या नद्या, तेव्हाच्या पुळणी आज पाण्याखाली आहेत. तिथे ना घर, ना कासव.

वहिनी : तिथे मासा आहे! काका, किनाऱ्याजवळचा उथळ तळ म्हणजे कोळंबी आणि म्हाकुळाची जागा. ड्रेजर तळ शोषून घेणार आणि गढूळ पाणी सोडणार. रापण किनाऱ्यापासून किती लांब जाते? जिथे तुमचा साठा तिथेच आमची रापण. आणि तळाची वाळू काढली की पावसाळ्यात वरची पुळण उतरून तो खड्डा भरायला जाते. पुळण आणि तळ वेगळे नाहीत.

काका : खोल पाण्यात नाही तसं. ठरावीक खोलीच्या पलीकडे लाट तळाची वाळू हलवत नाही. त्या पलीकडचं घ्यावं.

वहिनी : केरळातल्या कोळ्यांना विचारलं होतं का ती खोली कुठली?

हा संदर्भ ताजा आहे. समुद्रातल्या खनिजांसाठी २००२ सालचा कायदा आहे. तो २०२३ मध्ये बदलून लिलावाची वाट मोकळी केली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या तेरा गटांचा लिलाव जाहीर झाला. तीन गट कोल्लमजवळच्या बांधकामाच्या वाळूचे, तीन गुजरातकडच्या चुनखडीच्या गाळाचे, आणि सात ग्रेट निकोबारजवळ खोल समुद्रातल्या धातुयुक्त गोट्यांचे आणि थरांचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळच्या मच्छीमार संघटनांनी किनारपट्टी बंद ठेवून विरोध केला. कोकण त्या यादीत नाही. म्हणूनच हे बोलण्याची वेळ आत्ता आहे, घाईशिवाय.

न्यूझीलंडचे उदाहरण काकांनी दिले आणि ते दोघांनाही उपयोगी पडले. तिथला पश्चिम किनारा ज्वालामुखीच्या खडकाचा, वाळू काळी, तिच्यातून पोलाद बनते; किनाऱ्यामागच्या जुन्या वाळूच्या टेकड्यांतून ती काढणे कित्येक दशके चालू आहे. पण दक्षिण तारानाकीच्या समुद्रतळातून ती काढायचा प्रकल्प २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात अडला.

काका : बघ, एकाच देशात एकाच वाळूला दोन उत्तरं. जमिनीवरच्या जुन्या टेकडीला हो, समुद्राला थांब. मी हेच म्हणतो. सरसकट नाही म्हणू नका.

वहिनी : मी सरसकट नाही म्हणत. लाटेच्या आवाक्यात असलेल्या वाळूला नाही म्हणते. आणि टायटॅनियम एवढं हवं आहे तर आधी जे निघतं त्याचं काय होतं ते सांगा.

काका : इथे तू बरोबर जागी बोट ठेवलंस. केरळ, तामिळनाडू, ओडिशा इथून आपण कित्येक दशकं इल्मेनाइट काढतो. त्यातलं बरंच कच्चं विकलं गेलं. इल्मेनाइट स्वस्त, त्याच्यापासून केलेला रंग महाग, आणि धातू त्याहून महाग. टायटॅनियमचा स्पंज बनवायचा पहिला कारखाना चवऱ्याला २०११ साली उभा राहिला, तोही लहान. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली, आणि तरी आपण अजून वाळू विकतो आणि रंग विकत घेतो.

वहिनी : मग रत्नागिरीची आणखी वाळू काढून काय बदलेल?

काका : कारखाना आधी हवा, हे मान्य. वाळू थांबू शकते. ती कुठे जात नाही.

वहिनी : थांबू दिली तर.

वाद खरा पेटला तो खणण्यावरून नव्हे, विचारण्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजे आणि अत्यावश्यक खनिजे यांच्या खाणप्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. देशाच्या संरक्षणाची गरज, असे कारण होते. वहिनीने ते वाचून दाखवले तेव्हा मला वाटले, काका आता सरकारची बाजू घेतील.

वहिनी : रत्नागिरी अनुसूचित क्षेत्र नाही. म्हणजे गडचिरोलीसारखा ग्रामसभेचा जो विशेष अधिकार असतो तोही आमच्याकडे नाही. एक जनसुनावणी होती, मांडव घालून, अधिकारी बसवून, जिथे माझ्या आईसारखी बाई उभी राहून बोलू शकली असती. रत्नागिरीच्या वाळूत थोरियम नाही म्हणता. पण कायदा तिला अणुखनिज म्हणतो, म्हणून आता आईला विचारायचंही कारण नाही. काका, हे तुमच्या शास्त्रात बसतं का?

काका : नाही बसत.

वहिनी : स्पष्ट बोला.

काका : स्पष्टच बोलतो. माझ्या नमुन्यांतला अर्धा शहाणपणा तिथल्या लोकांचा होता. कुठे काळी उघडी पडते, कुठल्या वादळात पुळण किती खाली गेली, कुठली विहीर खारी झाली, हे कुठल्या यंत्रानं मला सांगितलं नाही. शोधताना त्यांना विचारलं आणि खणताना विचारायचं नाही, हे मला पटत नाही. संरक्षणाचं कारण असेल तर गुप्त ठेवण्यासारखं जे आहे ते गुप्त ठेवा. पुळण किती सरकते हे काय गुपित आहे? तीन-चार वर्षं मोजा आणि सगळ्यांसमोर मांडा. त्यानंतर जो निर्णय होईल तो होऊ दे.

वहिनी : मोजणार कोण? तुमच्या खात्याची गाडी वर्षातून एकदा येणार, तीही हिवाळ्यात.

काका : तुझ्या माहेरच्या शाळेतली पोरं मोजतील. खर्च नाही त्याला. दोन सारख्या उंचीच्या काठ्या घ्यायच्या, त्यांच्यावर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा. मधे ठरावीक लांबीची दोरी. एक काठी वरच्या अंगाला, एक समुद्राच्या अंगाला. वरच्या काठीपाशी उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेवर धरायचं आणि आपल्या काठीवर ती नजर कुठल्या खुणेला कापते ते वाचायचं. तेवढा उतार. मग दोन्ही काठ्या दोरीभर पुढे. पुळणीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत. एमरी नावाच्या शास्त्रज्ञानं १९६१ साली ही पद्धत मांडली, जगभर वापरतात.

वहिनी : कधी करायचं?

काका : मृगाच्या आधी एकदा, नारळी पौर्णिमेनंतर एकदा, आणि थंडीत एकदा. ओहोटीची वेळ बघून. सुरुवातीची जागा पक्की हवी, एखाद्या देवळाची पायरी किंवा विहिरीचा कठडा, जी समुद्र हलवणार नाही.

वहिनी : मे महिन्यात मी जाणारच आहे. तुम्ही चला बरोबर. पण एक आत्ताच ठरवू. आकडे राहणार कुणाकडे?

काका : आधी शाळेच्या वहीत. तिची नक्कल ग्रामपंचायतीत. आणि तिसरी नक्कल आमच्या खात्याला, पोच घेऊन.